टेम्पो कुणी ठोकला

यांगयांग, २४ सप्टेंबर

आत्याआजी,

फोन केला की तुम्ही "बरं बरं, बिल चढतंय" म्हणून ठेवून देता, पण पत्र आलं तर पोस्टमनला उभं करून तिथल्या तिथं वाचता, असं आई सांगत होती. म्हणून पत्र. हे सर्फिंगच्या फळ्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहितेय, कारण शनिवारपर्यंत मी त्या दुकानात कामाला होते. आता नाही. ते नंतर सांगते. मालकाचा एक कुत्रा आहे, तो रोज संध्याकाळी लाटांवर भुंकतो, आणि लाट मागं सरली की आपणच हाकलली असं समजून शेपटी उंच करून परत येतो. त्याला बघितलं की बाबांची फार आठवण येते.

तर मुद्दा. छुसोकच्या सणाला मी मुद्दाम सण उलटल्यावर आले, हे तुम्ही ओळखलंच असेल. सणाच्या दिवशी आले असते तर पूर्वजांपुढं वाकून उठेपर्यंत लग्न कधी, नोकरी कुठली, हे केस असे का, एवढं सगळं झालं असतं. बाबा-आई जाऊन दोन दिवस झाल्यावर आले म्हणून तर तुमच्या हातचा बांगडा शांतपणे खाता आला. पण तुम्ही चुलीपाशी होता तेव्हा मी घरामागं गेले होते. तुमच्या टेम्पोचा मागचा कोपरा आत गेलेला, दिवा फुटलेला. आणि ओट्यावरचा सोया सॉसचा सगळ्यात मोठा रांजण, पणजीच्या वेळचा, वरपासून खालपर्यंत तडकलेला. त्याला तुम्ही निळी चिकटपट्टी गुंडाळली होतीत. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही विचारलं नाही. वाटलं, तुम्हाला लाज वाटेल.

परतीच्या बसमधून बाबांना फोन करून सांगितलं, आत्याआजीनं टेम्पो ठोकलाय. बाबा म्हणाले, "हं. वय झालं आता." तेव्हापासून रोज मला त्यांचा फोन येतो. मोठ्या माणसाला मी कसं सांगू, तू तिची लाडकी, तू सांग.

म्हणून सांगते. लायसन्स परत करून टाका ना. आता हे वय काय टोफू आणि बांगडे लादून विकायला घाट चढायचं आहे? टीव्हीवर रोज एक तरी बातमी असते, म्हाताऱ्या माणसानं ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी दुकानात घुसली. या वेळी रांजण होता. पुढच्या वेळी त्या जागी कुणी माणूस असलं तर? तुमच्या भल्यासाठीच म्हणते. रागावू नका.

मी आता संत्री तोडायला जेजूला चाललेय. पत्ता पाकिटावर आहे.

सेबोम


गामगोल, आठव्या महिन्याची सत्तावीस

सेबोम,

मोठ्या माणसांना पावतीच्या पाठीवर पत्र लिहितात का? मी पुढची बाजूपण वाचली. एका फळीचं दोन तासांचं भाडं बघून मी खालीच बसले.

मला लिहायला शिकवलं ते सत्तरीत, गावाच्या सभागृहात. त्यामुळं ओळी खालीवर होतात, चालवून घे. पण जे लिहिते ते तोंडावर लिहिते. तू माझ्या ताटात जेवलीस, मी काटे काढून दिले, आणि घरामागं जाऊन टेहळणी केलीस. "आत्याआजी, हे काय झालं?" एवढं विचारायला जीभ नव्हती? बसमध्ये बसल्यावर मात्र बापाशी बोलायला जीभ आली. तुम्हा आजकालच्या पोरांना समोरासमोर एक वाक्य बोलता येत नाही. पाठ फिरवली की सगळं येतं.

आता ऐक. हे फक्त तुला लिहिते. टेम्पो मी ठोकला का, ते मला आठवत नाही. सणाच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीहून आले, नेहमीसारखा लावला. सण झाला, सगळे गेले, मागं गेले तर रांजण फुटलेला आणि सोया ओट्यावरून ओघळून नालीपर्यंत गेलेला. टेम्पो माझ्याशिवाय कोण चालवतं? कुणीच नाही. म्हणजे मीच. नेहमीसारखा लावला असं मी म्हणते खरं, पण नेहमीसारखं केलेलं काम माणसाला आठवतं का? तूच सांग, काल दात घासलेस ते आठवतं का तुला?

लायसन्स मी देणार नाही. वरच्या वाडीला बस नाही. ओकबुन नव्वदीची आहे, तिला टोफू कोण नेऊन देणार, तुझा बाप? तिथं सगळ्यांत मीच लहान. मला अजून "ए पोरी" म्हणतात आणि पाणी आणायला लावतात.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, टेम्पो मला चालवायला द्या. आधी एका जागी चार महिने टिकून दाखव, मग बघू.

यंदा वर्षाअखेर लायसन्स नवं करायचंच आहे. आमच्या वयाला आधी आरोग्य केंद्रात डोक्याची परीक्षा घेतात. ती होऊ दे, मग बोला तुम्ही सगळे.

जोमरे


सोग्वीपो, जेजू, १० ऑक्टोबर

आत्याआजी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा नुसताच राग आला.

"आजकालची पोरं." हे दोन शब्द तुम्ही लोक चहात साखर घालता तसे प्रत्येक वाक्यात घालता. इथं बागेतही तेच. आमची मुकादम साठीची आहे. पहिल्याच दिवशी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि बाकीच्यांना म्हणाली, "ही शुक्रवारपर्यंत पळेल." तिनं कात्री कशी धरायची ते दाखवलंच नाही. म्हणाली, शिकवलं तरी पळणारच, मग कशाला तोंड दुखवा. मग माझ्याकडून देठ लांब राहिले, लांब देठानं शेजारच्या संत्र्याला भोक पडतं, म्हणून शिव्या. आता मला सांगा, मी पळाले तर ती म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? आणि नाही पळाले तर तिचं काहीच बिघडत नाही. यांगयांगलाही असंच झालं. पगार वेळेवर द्या म्हटलं, तर मालक म्हणे तुमच्या पिढीला चिकाटी नाही. मी त्या दुकानात उन्हाळाभर होते. अख्खा उन्हाळा. तो कुणी मोजत नाही.

इथली वाट इतकी सुंदर आहे, काळ्या दगडांच्या बुटक्या भिंती, त्यांवर मांजरं... जाऊ दे. मी भांडतेय, मांजरं नंतर.

मी तुमचं वाईट चिंतते का? बाबांना सांगितलं ते काळजीनं सांगितलं. तुम्हीच लिहिता, आठवत नाही. मग आम्ही काय समजायचं? मी विसरले असते तर तुम्ही म्हणाला असता, बेफिकीर. तुम्ही विसरलात तर मी घाबरायचंही नाही?

सौदा करू. ती परीक्षा द्या. पास झालात तर मी जन्मात लायसन्सचं नाव काढणार नाही आणि बाबांनाही गप्प बसवेन. नापास झालात तर किल्ली भिंतीला टांगायची. कबूल?

सेबोम


गामगोल, नवव्या महिन्याची वीस

सेबोम,

कबूल केलं होतं, म्हणून लिहिते.

परीक्षा दिली. खोलीत तुझ्याएवढी एक मुलगी होती, गोड होती. मला म्हणाली, "आज्जी, घाबरायचं नाही हं, आपण छान छान खेळ खेळणार आहोत." जन्मभर घाटात टेम्पो चालवलेल्या बाईला छान छान खेळ.

तिनं एक वाक्य सांगितलं, मागाहून म्हणायला लावलं. म्हटलं. घड्याळ, चौकोन, फळांची नावं, सगळं केलं. वय विचारलं. अठ्ठ्याहत्तर सांगितलं. महिना विचारला, नववा म्हटलं. तारीख विचारली, सोळा म्हटलं. ती म्हणाली, "आज्जी, परत एकदा विचार करा बरं." मी परत केला. रात्रीच पूर्ण चंद्र होऊन गेला होता, अंगणात बघितला होता, चुकेन कशी? सोळाच म्हटलं. ती हसली आणि लिहीत राहिली. ते हसू मला कळलं. गोठ्यातली म्हातारी गाय उठेना झाली की तिच्याकडं बघून आपण तसं हसतो.

शेवटी म्हणाली, गुण कमी पडलेत, मोठ्या इस्पितळात दाखवून घ्या, घरच्या कुणाला तरी बरोबर घेऊन या.

सेबोम, मला एकही उत्तर चुकलं असं वाटलं नव्हतं. त्याचीच भीती वाटली. चुकलेलं कळत असतं तर गोष्ट वेगळी. आपल्याला बरोबर वाटतंय आणि समोरचा मान हलवतोय, म्हणजे टेम्पोचंही तसंच झालं असणार. नेहमीसारखा लावला असं मला वाटलं, आणि रांजण फुटला.

सोमवारी जाऊन लायसन्स देऊन आले. त्यांनी बसचं कार्ड दिलं. आमच्याकडं बस सकाळी एकदा येते, संध्याकाळी एकदा. ती मला कुठं नेणार ते बघू.

किल्ली टांगली. तुझा बाप फोनवर म्हणाला, "आत्या, योग्य केलंत, मोठं मन लागतं याला." फार गोड बोलला. एवढं गोड तो लहानपणीही बोलत नसे.

ओकबुनला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

जोमरे


सोग्वीपो, २९ ऑक्टोबर

आत्याआजी,

तुम्ही नापास झालेला नाहीत. खाली बसा, पाणी प्या, मग पुढं वाचा. तुम्ही नापास झालेला नाहीत!!

तुमचं पत्र हातात होतं. वर "नवव्या महिन्याची वीस". पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बावीस ऑक्टोबरचा. आत्याआजी, तुम्ही तिला चंद्राची तारीख सांगितलीत! तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या आकड्यांखाली ती बारीक अक्षरं असतात, तीच फक्त तुम्ही वाचता. तिचा महिना दहावा, तुमचा नववा. आणि वय! जन्मल्या दिवशी एक धरायचं आणि नव्या वर्षाला आणखी एक, ते आता कागदावर चालत नाही. सरकारनं एका रात्रीत अख्ख्या देशाला तरुण करून टाकलं, तुम्हाला कुणी कळवलं नाही वाटतं. त्यांच्या हिशेबात तुम्ही शहात्तर. म्हणजे वय चूक, महिना चूक, तारीख चूक. अहो, तुमचं तर सगळं बरोबर होतं, फक्त तिला माहीत नव्हतं!

केंद्रात फोन केला. फोनवरचा माणूस म्हणाला, "उत्तरपत्रिकेत जे आहे ते आहे. वाटल्यास पुन्हा चाचणी देता येईल." म्हटलं, चंद्राची तारीख सांगितली होती हो. तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही नातेवाईक, तुम्हाला तसंच वाटणार." मी फोन आपटला. मग लक्षात आलं की माझाच होता. काच गेली.

पण हे अर्धंच. दुसरं ऐका, आणि हे ऐकताना रांजणाजवळ उभ्या राहू नका.

मी तडतडत बाबांना फोन केला, की परीक्षा चुकीची झाली, लायसन्स फुकट गेलं. बाबा म्हणतात, "असू दे गं, झालं ते बरंच झालं. त्या टेम्पोचा क्लच इतका वर सुटतो, कुणाच्याही हातून ठोकला गेला असता."

मी म्हटलं, "बाबा, क्लच वर सुटतो हे तुम्हाला काय माहीत?"

"म्हणजे? जुनी गाडी आहे. सुटणारच."

"तुम्ही कधी चालवली?"

"अगं कधीतरी... मागं..."

मागून आईचा आवाज, "सांगून टाका ना एकदाचं! महिना झाला माझ्या घशाखाली भात उतरत नाहीये!"

सणाच्या दिवशी, पूजेचं मांडण्याआधी, तुम्ही आत शिजवत होता. बाबांना त्यांची नवी गाडी सावलीत लावायची होती. तुमचा टेम्पो आड येत होता. किल्ली तुम्ही गाडीतच ठेवता. त्यांनी तो मागं घेतला, आणि ओट्यावर घातला. रांजण तेव्हाच तडकला, सोया हळूहळू पाझरत राहिला. जेवण झाल्यावर सांगेन म्हणाले. मग भावकीतले लोक आले, त्यांच्यासमोर कसं सांगायचं. मग निघताना सांगेन. मग घरी पोचल्यावर फोनवर सांगेन.

"आणि मग तूच फोन केलास," बाबा मला म्हणाले, "की आत्यानं ठोकला. तूच म्हणालीस ना? मी म्हणालो होतो का?"

नव्हते म्हणाले. मीच म्हणाले. बघितलं, म्हातारी बाई, ठोकलेली गाडी, आणि माझ्या डोक्यात प्रश्नच उठला नाही. बाबांना फक्त "हं" म्हणायचं होतं.

मी ओरडले. ते पण ओरडले. म्हणाले, "तुला काय कळतं? ऑफिसात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरगा साहेब झालाय. प्रिंटर अडकला तरी सगळे माझ्याकडं बघतात. यंदा कमी करायची यादी निघणार आहे. त्यात घरी येऊन सांगू, की मला गाडी मागं घेता येत नाही?" आणि रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

तुम्ही काय म्हणता ते लवकर लिहा. मी अजून पळाले नाही. मुकादमबाई आता मला कात्री नीट धरायला शिकवते. बोलत मात्र नाही.

सेबोम


गामगोल, दहाव्या महिन्याची आठ

सेबोम,

पत्र वाचून मी जाऊन ओट्यावर बसले. तुला वाटेल मला आनंद झाला. नाही झाला.

तुझ्या बापाला, सोकगूला, मी पाठीवर बांधून वाढवलंय. तो खोटं बोलतो तेव्हा गोड बोलतो, हे मला त्याच्या आईपेक्षा जास्त माहीत. त्याचा राग नंतर काढीन. मला राग माझा आला. तो टेम्पो किती लांब, किती रुंद, हे मला माझ्या कंबरेसारखं माहीत आहे. अंधारात, बर्फात, कधी घासला नाही. आणि तू म्हणालीस, तो म्हणाला, ती गोड मुलगी म्हणाली, की मी लगेच मान खाली घातली. माझ्यापेक्षा तुमचं सगळ्यांचं खरं. अशी कशी झाले मी?

लायसन्सच्या ऑफिसात गेले, बसनं. म्हटलं चूक झाली, परत द्या. खिडकीतला म्हणाला, एकदा परत केलं म्हणजे रद्द. हवं असेल तर पहिल्यापासून. डोक्याची परीक्षा, मग कॉम्प्युटरवर प्रश्न, मग मैदानात, मग रस्त्यावर. शिकाऊ माणसासारखं. मी म्हटलं, मी शिकाऊ नाही. तो म्हणाला, कागदावर आहात. निघून आले. या वयात अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून मी हसं करून घेणार नाही.

ओकबुनकडं कुणी गेलेलं नाही. पाव खाते म्हणे.

तुला एवढं वाईट वाटत असेल तर ये आणि चालव. लायसन्स आहे ना तुला? का तेही तुझ्यासारखंच नुसतं फिरतं?

जोमरे


गुर्योंगपो, १७ नोव्हेंबर

आत्याआजी,

लायसन्स आहे. बारावीनंतर सगळ्यांनी काढलं तेव्हा काढलं आणि कपाटात ठेवलं. आजवर पोलिसाला दाखवायची वेळ आली नाही, कारण चालवलंच नाही. पण काल रात्री बाहेर काढून नीट वाचलं. ते फक्त ऑटोमॅटिक गाडीचं आहे. तुमच्या टेम्पोला क्लच. म्हणजे मला कायद्यानं तो चालवताच येत नाही. हसा. हसून घ्या.

संत्री मी पळून जाऊन सोडली नाहीत. घरच्या लोकांवरच आता भागतंय म्हणून मुकादमबाईनं बाहेरच्यांना कमी केलं. निघताना पिशवीभर संत्री दिली आणि म्हणाली, "पुढच्या मोसमात ये." आता इथं मासे दोरीवर टांगून समुद्राच्या वाऱ्यावर सुकवायचं काम आहे. अंगाला असा वास येतो की बसमध्ये लोक मला दोन जागा देतात.

तर, मला क्लचची परीक्षा द्यावी लागणार. तुम्हालाही द्यावी लागणार. तीच खिडकी, तेच मैदान. मी येते. पण एकटी देणार नाही. त्या अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत मी उभी राहिले तर तीही मला "ताई" म्हणून हसतीलच, मलाही काही कमी लाज नाही. तुम्ही येणार नसाल तर मीही येत नाही, आणि ओकबुन आजींना कळू दे की त्यांचा टोफू तुमच्या अब्रूसाठी अडलाय.

बाबांशी बोलले. म्हणतात योग्य वेळ आली की आत्याला सांगेन. मी म्हटलं, त्यांना कळलंय. तर म्हणतात, "मग आता सांगायचं काय राहिलं?"

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मैदानावर भेटा. भ्यालात का?

सेबोम


गामगोल, अकराव्या महिन्याची वीस

सेबोम,

तू मैदानातून अशी तणतणत गेलीस की तुझी पिशवी माझ्याजवळच राहिली. आत माशाचा वास लागलेले मोजे होते. दोनदा उकळले. वास तसाच आहे.

आधी एक गोष्ट. खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, "आजी, नातीला सोडायला आलात?" तेव्हा तू त्याच्या अंगावर धावलीस, "त्या परीक्षा द्यायला आल्यात, तुमच्या चष्म्याचा नंबर बदला." मग तुझी गाडी चढावर बंद पडून मागं घसरली, आणि तोच म्हणाला, "आजकालच्या मुलींना कुठं क्लच जमतो." मी हसले. तू बघितलंस. मी हसायला नको होतं. एवढंच लिहिते, जास्त लिहिणार नाही.

त्याआधी आरोग्य केंद्रात पुन्हा गेले होते, ते तुला सांगायचं राहिलं. तीच मुलगी. तिनं तारीख विचारायच्या आधीच मी विचारलं, "कुठली सांगू, तुझी का माझी?" दोन्ही सांगितल्या. तिच्या आजीचा वाढदिवस दर वर्षी वेगळ्या दिवशी का येतो, ते तिला त्या दिवशी कळलं म्हणे. पेन बाजूला ठेवून उठली आणि वाकली. मी म्हटलं, वाकू नको, गुण दे.

मैदान झालं. रस्त्याच्या परीक्षेला शेजारी बसलेला साहेब निघाल्यापासून दारावरची मूठ घट्ट धरून होता. घाटातल्या वळणानंतर त्यानं ती सोडली. उतरताना म्हणाला, "आजी, तुम्ही खरंच शिकाऊ आहात?" मी म्हटलं, "सरकार म्हणतं तर असेन." पास.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीला गेले. ओकबुन म्हणाली, "ए पोरी, कुठं मेली होतीस?" टोफू हातात घेऊन तिथंच उभ्यानं खाल्ला.

परत येते तर घरी तुझ्या बापाकडून पेटी आलेली. भारीतली नाशपाती, एकेक फळ कागदात गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. सगळे कागद सोडवून बघितले. एक ओळ नाही.

मी पेटी टेम्पोत टाकली, टोफू भरला आणि जोंजूला, तुझ्या बापाच्या घरी, निघाले. त्यांच्या त्या उंच इमारतींच्या आवारात शिरले, मधोमध थांबले आणि कर्णा लावला. "टोफू आलाय, सोयाचे मोड आलेत, ताजे बांगडे." बायका खाली यायला लागल्या. टोफू चांगला खपला. वॉचमन आला, म्हणाला रस्ता अडलाय. मी म्हटलं, माझा भाचा पाचव्या मजल्यावर राहतो, तोच काढेल.

सोकगू चपलांवर धावत आला. "आत्या! इथं कशाला? अहो, लोक बघतायत."

"बघू दे. टेम्पो मागं घे. वॉचमनची खोटी होतेय."

"मी? तुम्हीच घ्या ना."

"तुला येतो. एकदा घेतलायस."

तो गडद लाल झाला. पण चढला. चालू केला, पाय उचलला, बंद. परत चालू, परत बंद. तू चढावर केलंस तेच, हुबेहूब. पाय घाईनं उचलतो. तू सव्वीसची, तो अठ्ठावन्नचा, एकाच जागी अडकता. तिथं एक पार्सल पोचवणारा पोरगा स्कूटरवर खोळंबला होता. तो ओरडला, "काका, जमत नसेल तर उतरा! वय झालं की होतं असं!" बायका हसल्या.

सोकगूचे कान बघवेनात. मी त्या पोराकडं वळले आणि म्हटलं, "तुला कुणी विचारलं रे? तुझ्या तोंडाचं वय किती?" इतका राग मला सोकगूचाही आला नव्हता.

मग सोकगू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, पुटपुटला, "आत्या, त्या दिवशी मीच ठोकला होता. तुमच्यावर ढकलला."

मला सगळं नीट ऐकू आलं, शब्द न् शब्द. बायका टोफूच्या पिशव्या धरून उभ्या होत्या, वॉचमन उभा होता, तो पोरगाही अजून गेला नव्हता.

मी कानामागं हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणालास? मोठ्यानं बोल बाबा, माझं वय झालंय."

जोमरे